"मला ॲलर्जी आहे" म्हणजे नेमकं काय आहे? गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्याजवळ एका फार्मसीत फार्मासिस्ट आहे, १४ वर्षं झाली. "ॲलर्जीची गोळी द्या" म्हणणारा माणूस आला नाही असा दिवस जात नाही, आणि कसली ॲलर्जी म्हणून विचारलं की कोण म्हणतं बांगड्याची, कोण दुधाची, कोण पोईची (आपल्या गव्हाच्या पावाची), कोण आळवाची. थोडं खोदून विचारलं की कळतं प्रत्येकाचं दुखणं निराळं आहे, नाव तेवढं एक. माझ्या नवऱ्याला सुंगटांची (कोळंबीची) ॲलर्जी आहे, लग्नानंतर आठ वर्षांनी सुरू झाली, त्यामुळे हा विषय माझ्या स्वयंपाकघरातलाच आहे. लोक काउंटरवर आणि फोनवर जे परत परत विचारतात ते इथे एकत्र केलंय. मी डॉक्टर नाही, तपासणी आणि औषध डॉक्टरांनीच ठरवायचं.

१. एखादी वस्तू खाल्ली की त्रास होतो, म्हणजे ॲलर्जीच ना?

नाही, बऱ्याचदा नसते. आपली प्रतिकारशक्ती अन्नातल्या एखाद्या साध्या प्रोटीनला शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते तेव्हाच ती ॲलर्जी. दूध पिऊन पोट गुडगुडतं ते पचनाचं काम, नीट न ठेवलेल्या बांगड्याने तोंड लाल होतं ती विषबाधा, तेफळाने जीभ मुंग्या आल्यासारखी होते तो तेफळाचा गुण. तिन्हीत प्रतिकारशक्तीचा काही संबंध नाही.

मी समोरच्याला चार गोष्टी विचारते. खाल्ल्यावर किती वेळाने झालं? किती खाल्लं होतं? दर वेळी होतं की एकदाच झालं? आणि तुमच्याबरोबर तेच जेवलेल्या बाकीच्यांना काय झालं? ह्या चार उत्तरांवरून अर्धं चित्र तिथंच दिसतं, डॉक्टरांकडे जातानासुद्धा हीच उत्तरं कागदावर लिहून न्या.

२. मग खऱ्या ॲलर्जीचे प्रकार किती?

मुख्य तीन धरा. पहिली झटपट येणारी. ह्यात शरीर आयजीई नावाची अँटीबॉडी तयार करून ठेवतं, ती काही पेशींना चिकटून बसते आणि पुढच्या वेळी ते अन्न आलं की त्या पेशी हिस्टामिन आणि बाकीची रसायनं सोडतात. काही मिनिटं ते दोन तास एवढ्यात अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, उलटी होते, दम लागतो. जीवघेणी होऊ शकते ती बहुतेक हीच. दुसरी उशिरा येणारी, आयजीई नसलेली, बहुतेक पोटाची आणि जास्त करून बाळांमध्ये दिसणारी (प्रश्न १२ पाहा). तिसरी मिश्र, त्यातली एक सांगण्यासारखी आहे. अन्ननलिकेत इओसिनोफिल नावाच्या पेशी जमून सूज येते आणि जेवण गिळताना छातीत अडकतं. तरुण मुलगा दर जेवणाला पाण्याच्या घोटाबरोबर घास ढकलतोय, मांस-भात अडकतो, ॲसिडिटीच्या गोळ्यांनी फरक पडत नाही, तर त्याला पोटाच्या डॉक्टरांकडे न्या, दुर्बिणीने तपासणी करून तुकडा घेतल्याशिवाय ते कळत नाही.

ह्याशिवाय त्वचेला नुसतं लागून होणारी आहे, ती काजूच्या प्रश्नात (प्रश्न ८) येईल.

३. अंगावर पित्त उठतं ते पोटातल्या पित्तामुळे का?

नाही. शब्द एकच असल्याने हा घोळ होतो आणि लोक ॲसिडिटीची गोळी घेऊन गप्प बसतात. अंगावर उठणाऱ्या त्या लाल खाजऱ्या गांधी हिस्टामिनमुळे येतात. सोलं (आमसुलं) भिजवून ते पाणी अंगाला लावायची आपली जुनी पद्धत आहे, थंड वाटतं, लावा, पण त्याबरोबर दम, आवाज घोगरा, उलटी, चक्कर ह्यातलं काहीही असेल तर सोलं बाजूला ठेवा आणि सरळ प्रश्न १६ वाचा.

आणि उलट बाजूनेही सांगते, रोज उठणारं, सहा आठवड्यांपेक्षा जास्त चाललेलं पित्त बहुतेक वेळा खाण्यामुळे नसतं. एकेक पदार्थ सोडत सोडत लोक भात आणि डाळीवर येतात, तसं करू नका.

४. सुंगटां खाल्ली की ओठ सुजतात. आता सगळं नुस्तंच (मासळी) बंद करायचं काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि आपल्याकडे नुस्तं बंद म्हणजे जेवणच बंद, म्हणून सविस्तर सांगते.

नुस्तं म्हणून आपण जे एकत्र म्हणतो त्यात तीन वेगळी घराणी आहेत. सुंगटां, कुर्ल्यो (खेकडे), शेवंडं हे एक घराणं, कवचवाल्यांचं. तिसऱ्यो, शिणाण्यो, कालवां, माणकी हे दुसरं, शिंपल्या आणि माणक्यांचं. आणि बांगडा, तारली, इसवण, पापलेट हे खरे मासे, तिसरं. सुंगटांत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन त्रास देतं, माशांत पार्व्हाल्ब्युमिन नावाचं, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. म्हणून सुंगटांची ॲलर्जी असलेले पुष्कळ लोक इसवण आरामात खातात, माझा नवरा खातो. पण सुंगटांची असेल तर कुर्ल्यो आणि शेवंडंही धोक्याची समजा, आणि तिसऱ्या-शिणाण्यांचं मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं, घरी करून पाहायचं नाही, तपासून घ्यायचं.

आता लपलेली सुंगटं. बलशांवच्या मसाल्यात गालमो असतो, बारीक सुकी सुंगटं, म्हणजे पोर्क बलशांव खाल्लं तरी पोटात सुंगट जातं. किस्मूर तर बहुतेक सुक्या सुंगटांचीच. हॉटेलात एकाच तव्यावर, एकाच तेलात सुंगटं आणि इसवण दोन्ही रव्यात घोळून तळतात. माझ्या नवऱ्याला दुसरी रिॲक्शन आली ती अशा तव्यावरच्या चोणक माशाने, प्लेटीत सुंगट एकसुद्धा नव्हतं.

५. सुंगटां चांगली शिजवली, तळली, सुकवली तर चालतील ना?

सुंगटांचं ते प्रोटीन उष्णतेने मोडत नाही, उकळा, तळा, उन्हात सुकवा, तसंच राहतं. माशाचंही बऱ्यापैकी टिकतं. अंडं आणि दूध ह्यांची गोष्ट वेगळी, काही मुलांना केकमध्ये पूर्ण भाजलं गेलेलं अंडं चालतं पण ऑम्लेट चालत नाही. तरी ते कोणाला चालतं हे डॉक्टरांसमोरच ठरवायचं, घरी बिबिंक देऊन पाहू नका, त्यात पिवळ्या बलकाची रास असते.

६. चाळीस वर्षं खात आलोय, आता कशी ॲलर्जी होईल?

होते. कवचवाल्या नुस्त्याची ॲलर्जी मोठेपणी सुरू होणं अगदी नेहमीचं आहे. आधी शरीर गपचूप आयजीई बनवत असतं, तेव्हा काही दिसत नाही, मग एक दिवस दिसतं. "पहिल्यांदाच झालं, पुढच्या वेळी नाही होणार" असं मनाशी धरून चालू नका. आणि पहिली रिॲक्शन हलकी होती म्हणून पुढचीही हलकीच येईल असं नसतं, हे मी सगळ्यांना सांगते. त्या दिवशी किती खाल्लं, दारू घेतली होती का, ताप होता का, दम्याचा त्रास चढला होता का ह्याच्यावर ते बदलतं.

७. बांगडा खाल्ला आणि घरात तिघांचीही तोंडं लाल झाली, डोकं ठणकलं. सगळ्यांना एकदम ॲलर्जी?

ही ॲलर्जी नव्हे, ही हिस्टामिनची विषबाधा. बांगडा, तारली, कुपा असल्या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं द्रव्य भरपूर असतं, मासा पकडल्यावर बर्फात नीट राहिला नाही की जंतू त्याचं हिस्टामिन करतात. मग तुमच्या शरीराने नाही, माशानेच हिस्टामिन आणलेलं असतं, म्हणून दिसायला हुबेहूब ॲलर्जी. खाल्ल्यावर काही मिनिटं ते तासाभरात तोंड-मान लाल, घाम, डोकेदुखी, छातीत धडधड, जुलाब. कधीकधी मासा जिभेला मिरमिरतो.

एकदा हिस्टामिन झालं की ते शिजवून, तळून, फ्रीझरमध्ये ठेवून जात नाही. मासा बघायला ताजाही दिसू शकतो. म्हणून गाडीवाल्याकडे बर्फ आहे का बघा, आणि बाजार करून बाकीची कामं करत हिंडू नका, आधी नुस्तं घरी न्या. अँटीहिस्टामिनने (ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळीने) बहुतेकांना बरं वाटतं, पण दमा किंवा हृदयाचा आजार असलेल्याला आणि दम लागलेल्याला हॉस्पिटलात न्यायलाच हवं.

२०१८ साली मासा टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन लावतात असा गवगवा झाल्यापासून गोव्यात माशाने काहीही झालं की लोक फॉर्मेलिनला लावतात, पण ही वर सांगितलेली लक्षणं हिस्टामिनची. ओळखायची खूण प्रश्न १ मधलीच, सोबतच्यांनाही झालं का आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बांगड्याने काही झालं नाही का. एका वाईट बांगड्यापायी जन्मभर बांगडा सोडलेली माणसं मला माहीत आहेत, फार वाईट वाटतं.

८. काजू सोलताना हातावर फोड येतात, पण काजू खाल्ला की काही होत नाही. मला काजूची ॲलर्जी आहे की नाही?

काजूच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गोव्यात दोन्ही दिसतात.

एक, बियेच्या सालीतलं तेल. ते झोंबरं असतं आणि त्यातल्या द्रव्यांनी त्वचेची उशिरा येणारी ॲलर्जीही होते, हात लागल्यावर एक-दोन दिवसांनी लाली, फोड, काळपट डाग. बिब्बा, आंबा आणि काजू एकाच कुळातले, म्हणून ज्याला काजूच्या तेलाने होतं त्याला कधीकधी आंब्याच्या चिकानेही ओठांभोवती पुरळ येतं. त्याला मानकुराद आंबा सोडायची गरज बहुतेक पडत नाही, दुसऱ्याने साल काढून, धुऊन, कापून दिला तर बरेच जण खातात. ही ॲलर्जी त्वचेची, ह्यात श्वास कोंडत नाही.

दोन, गरातल्या प्रोटीनची. ही झटपट येणारी, आणि मी बघितलेल्या रिॲक्शनमध्ये काजूच्या सगळ्यात घाबरवणाऱ्या होत्या, मुलाने अर्धा काजू चावला आणि पाच मिनिटांत डोळे सुजून बंद झाले. काजू आणि पिस्ता ह्यांची प्रोटीनं इतकी सारखी की एकाची असेल तर दुसरा जवळजवळ नक्कीच बाद. बदाम-अक्रोड ह्यांचं वेगळं तपासावं लागतं. शेंगदाणे तर जमिनीतलं कडधान्य, काजूचे नातेवाईकच नव्हेत, पण काही जणांना दोन्हींची असते.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर, तुम्हाला पहिली आहे, दुसरी नाही असं दिसतं. हातमोजे घाला, काजू खा. काजूच्या फेणी-हुर्राकाचं (दारूचं) विचारतात त्यांना सांगते, ती बोंडाची असते, बियेची नाही, पण गराची ॲलर्जी जोरदार असलेल्याने बोंडसुद्धा स्वतःहून चाखून बघू नये, डॉक्टरांना विचारावं.

९. काजू चालत नाही म्हणजे नारळही बंद का?

नाही. नारळाची ॲलर्जी असते पण क्वचित, आणि काजू-बदामवाल्यांपैकी बहुतेकांना नारळ चालतो. नारळ खाऊन तुम्हाला आजपर्यंत कधी काही झालं नसेल तर नुसत्या नावावरून सोडू नका. हुमण, सोलकढी, खतखतं सगळं सोडून माणूस खाणार काय?

१०. आळू, सुरण खाल्लं की घसा खाजतो, तेफळाने जीभ बधिर होते, अननसाने तोंड सोलतं. ही ॲलर्जी का?

सहसा नाही. आळू-सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारखे बारीक कण असतात, ते टोचतात, ते सगळ्यांनाच टोचतात. म्हणून तर तेऱ्याच्या भाजीत आंबट घालतात आणि चांगलं शिजवतात. तेफळाची मिरमिर हा त्याचा गुण, त्यासाठीच ते बांगड्याच्या हुमणात घालतो. अननसात प्रोटीन तोडणारं एन्झाइम असतं, जिभेवर तेच काम करतं.

पण तोंडाबाहेर काही झालं, अंगावर पित्त, ओठ सुजणं, खोकला, तर मात्र हे उत्तर लागू नाही. आणि कच्चं फळ खाल्लं की तोंड खाजतं, तेच फळ शिजवलं की काही नाही, असं असेल तर ती परागकणांशी जोडलेली तोंडापुरती ॲलर्जी असू शकते, सहसा सौम्य असते. रबराच्या हातमोज्यांनी ज्यांना होतं त्यांच्यापैकी काहींना केळं, किवी, अवोकाडो ह्यांनी होतं, तेही डॉक्टरांना सांगून ठेवा, ऑपरेशनच्या वेळी उपयोगी पडतं.

११. दूध प्यायलं की जुलाब होतात. आणि पोईने पोट फुगतं. दुधाची, गव्हाची ॲलर्जी ना?

दोन्हीचं एकत्र सांगते कारण चूक एकच आहे.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ती पचवणारं लॅक्टेज वयाबरोबर कमी होतं, मोठ्या माणसांत हे फार कॉमन आहे. अर्धा कप चहात दूध चालतं, ग्लासभर चालत नाही, दही चालतं. त्रास होतो पण धोका नाही. दुधाची ॲलर्जी म्हणजे दुधातल्या प्रोटीनची, जास्त करून लहान मुलांत, थेंबभरानेही होऊ शकते, आणि तिला लॅक्टोज-फ्री दूध चालत नाही कारण प्रोटीन तिथेच असतं. "मग शेळीचं देऊ?" असं आज्या विचारतात, नको, गाय, म्हैस, शेळी सगळ्यांची प्रोटीनं जवळपास सारखी आहेत.

गव्हाचे तीन प्रकार. गव्हाची झटपट येणारी ॲलर्जी एक. सीलिअॅक दुसरा, ही ॲलर्जी नव्हे, ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं, वजन वाढत नाही, रक्त कमी, कधी लक्षणच दिसत नाही, आणि आयुष्यभर गहू पूर्ण बंद. तिसरा म्हणजे नुसतं पोट जड होणं. सीलिअॅकची रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची असते, आधी पोई सोडली तर रिपोर्ट खोटा येतो, हे कितीदा सांगितलं तरी लोक आधी सोडून मग तपासायला जातात. सीलिअॅकवाल्याला उकडे तांदूळ, भाकरी, सान्नां चालतात. पण फिश फ्रायचा रवा गव्हाचा, बियर बार्लीची, आणि बाजारच्या पुष्कळ हिंगात मैदा मिसळलेला असतो, डबी उलटी करून वाचा.

१२. सहा महिन्यांच्या बाळाला पेज दिली, दोन तासांनी उलट्या आणि बाळ एकदम मलूल. पेजेने काय होणार?

पेज म्हणजे सगळ्यात हलकं अन्न असं आपण समजतो म्हणून कोणाच्या डोक्यातच येत नाही, पण तांदूळ हा ह्या प्रकारच्या ॲलर्जीत ओळखीचा पदार्थ आहे. ही प्रश्न २ मधली दुसरी, आयजीई नसलेली. खाल्ल्यावर एक ते चार तासांनी परत परत जोरात उलट्या, बाळ पांढरंफटक, ढिलं पडलेलं, काही तासांनी जुलाब. अंगावर पित्त नाही, दम नाही, म्हणून पोटाचं इन्फेक्शन समजून सोडून देतात, आणि दोन आठवड्यांनी परत पेज दिली की तेच. दूध आणि सोयाही असं करतात.

बाळाला लगेच हॉस्पिटलात न्या, मुख्य उपचार म्हणजे पाणी-सलाईन. त्वचेची आणि रक्ताची ॲलर्जी टेस्ट ह्यात बहुतेक निगेटिव्ह येते, म्हणून "टेस्ट निगेटिव्ह, म्हणजे पेज द्या" असं कोणी म्हटलं तर बालरोगतज्ज्ञांकडे पुन्हा हा शब्द काढा, उशिरा येणारी पोटाची ॲलर्जी असेल का. बहुतेक मुलं काही वर्षांत ह्यातून बाहेर पडतात.

अंगावर पिणाऱ्या, बाकी खेळत्या बाळाच्या शीमध्ये रक्ताच्या बारीक रेघा दिसल्या तर तो ह्याच कुटुंबातला सौम्य प्रकार असू शकतो, बहुतेकदा गायीच्या दुधाचा, जे आई पिते त्यातून येणारा. दाखवायचं मात्र.

१३. मग बाळाला अंडं, शेंगदाणे वर्षभर देऊच नयेत ना, म्हणजे ॲलर्जी होणार नाही?

पूर्वी असंच सांगायचे, आता उलट सांगतात. लंडनमध्ये ६४० बाळांवर केलेला लीप नावाचा अभ्यास २०१५ साली आला, सगळी जास्त धोक्याची बाळं, म्हणजे जोरदार एक्झिमा (त्वचेवर खाजरे चट्टे) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली. अर्ध्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, अर्ध्यांना अजिबात नाही. पाच वर्षांची झाल्यावर न दिलेल्यांत सुमारे १७ टक्क्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी, दिलेल्यांत सुमारे ३ टक्के. म्हणून सहा महिन्यांच्या आसपास वरचं अन्न सुरू झालं की नीट शिजलेलं अंडं, शेंगदाण्याची पातळ पेस्ट द्यायला सुरुवात करायची, अख्खा दाणा कधीच नाही, घशात अडकतो. बाळाला जोरदार एक्झिमा असेल किंवा आधीच एखादी ॲलर्जी असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.

१४. मोठं झाल्यावर जाते का?

दूध, अंडं, गहू ह्यांची बहुतेक मुलांची जाते. शेंगदाण्याची साधारण पाचातल्या एकाची, काजू-पिस्त्यांची त्याहून कमी जणांची. मासे आणि सुंगटांची सहसा राहते. गेली की नाही हे घरी चाखवून ठरवायचं नाही (प्रश्न १५).

१५. कुठली टेस्ट करू? एका लॅबमध्ये २०० पदार्थांचं पॅकेज सांगतात.

पॅकेज नको. अशा पॅकेजांत बऱ्याचदा आयजीजी मोजतात, ती अँटीबॉडी तुम्ही ते अन्न खाता एवढंच सांगते. आयजीईचं मोठं पॅनेल केलं तरी घोळ होतो, कारण टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे ॲलर्जी असं नाही. उदाहरण देते, सुंगटांचं ट्रोपोमायोसिन धुळीतल्या किड्यांच्या आणि झुरळांच्या प्रोटीनसारखं असतं, म्हणून धुळीची ॲलर्जी असलेल्याला सुंगटांची टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि तो वर्षानुवर्षं सुंगटं मजेत खातोय. माझ्याकडे एक आई आली होती, रिपोर्टवर मुलाला ३४ पदार्थ बंद, पोर वाळलेलं. तज्ज्ञांनी तपासलं तर खरी ॲलर्जी एकाच पदार्थाची निघाली.

बरोबर क्रम असा, आधी डॉक्टर तुमची कहाणी ऐकतात (प्रश्न १ मधले चार प्रश्न), मग संशय असलेल्या पदार्थांपुरतीच त्वचेवर टोचायची टेस्ट, १५-२० मिनिटांत दिसते, किंवा रक्तातलं त्या पदार्थाचं आयजीई. तरी नक्की होत नसेल तर हॉस्पिटलात डॉक्टरांसमोर थोडं थोडं खायला देऊन बघतात, हीच सगळ्यात खात्रीची. त्वचेच्या टेस्टआधी साधारण आठवडाभर अँटीहिस्टामिन बंद ठेवावं लागतं, सर्दीच्या गोळीतही ते असतं, आम्हाला विचारून घ्या.

१६. जीवघेणी रिॲक्शन कशी ओळखायची आणि तेव्हा काय करायचं?

खाल्ल्यावर लवकर त्वचेबरोबर दुसरं काहीतरी बिघडलं, म्हणजे पित्त आणि दम, ओठ सूज आणि उलट्या, असं दिसलं तर ती ॲनाफिलॅक्सिस समजा. आवाज बदलणं, गिळता न येणं, शिट्टीसारखा श्वास, चक्कर, मूल एकदम गप्प होणं. दहातल्या एक-दोघांना अंगावर काहीच उठत नाही, म्हणून पित्ताची वाट बघू नका.

औषध एकच, अॅड्रिनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. एविल, सेट्रिझिन खाज थांबवतात, श्वास उघडत नाहीत आणि बीपी वर आणत नाहीत, हे मी जीव तोडून सांगते कारण लोक गोळी घेऊन अर्धा तास वाट बघतात आणि तोच अर्धा तास महत्त्वाचा असतो. स्वतः टोचायचं तयार पेन आपल्याकडे प्रत्येक फार्मसीत मिळत नाही, म्हणून धोका असलेल्यांना डॉक्टर इंजेक्शन आणि सिरिंज देऊन शिकवतात, डोस वजनाप्रमाणे लिहून देतात. ती पद्धत घरातल्या दोघांना तरी यायला हवी.

माणसाला आडवं करा, पाय वर. दम जास्त असेल तर बसवा, पण उभं करू नका, चालवत गाडीकडे नेऊ नका. १०८ ला फोन करा, सांगताना "ॲलर्जी" नाही, "ॲनाफिलॅक्सिस, श्वास जड" असं सांगा. बरं वाटलं तरी हॉस्पिटलात जायचं, काही तासांनी परत उलटू शकतं.

१७. पाकिटावर काय वाचायचं?

एफएसएसएआय (देशाची अन्नसुरक्षा संस्था) हिच्या २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे ग्लुटेनची धान्यं, कवचवालं नुस्तं, दूध, अंडं, मासे, शेंगदाणे व काजू-बदाम वगैरे, सोया, आणि ठरावीक प्रमाणाच्या वर असलेलं सल्फाइट, एवढं वेगळं सांगावं लागतं. तीळ, मोहरी, हरभरा, तिसऱ्यो-माणकी ह्या यादीत नाहीत. आपल्याकडे बेसनाची ॲलर्जी असलेले पुष्कळ आहेत, त्यांनी पूर्ण घटकांची यादी वाचायची, आणि मोहरी नुसत्या "मसाले" ह्या शब्दाखालीही असू शकते. सल्फाइटची खरी ॲलर्जी क्वचित, पण दमेकऱ्याचा दमा त्याने उठतो, वाइन, सुकामेवा आणि काळं पडू नये म्हणून औषध लावलेली सुंगटं ह्यांत ते असतं.

१८. जत्रेत, लग्नात, हॉटेलात कसं सांभाळायचं?

जत्रेचं खाजं म्हणजे बेसन, गूळ, आलं आणि तीळ, म्हणजे दोन ॲलर्जी एका तुकड्यात. दोदोलात आणि चवथीच्या नेवऱ्यांत काजू. हॉटेलात "ॲलर्जी आहे" म्हटलं की "बरं बरं" म्हणतात, त्यापेक्षा "सुंगट पोटात गेलं तर हॉस्पिटलात न्यावं लागतं, तवा वेगळा मिळेल का" असं विचारा. नाही म्हणाले तर उठा, वाईट वाटून घेऊ नका. लग्नात बफेचे चमचे इकडचे तिकडे होतात, आम्ही घरून डबा नेतो आणि यजमानांना आधीच फोन करतो, अजून कोणी रागावलं नाही.

१९. घरात नुस्तं तळलं तरी त्रास होतो, नुसत्या वासाने?

वास स्वतः काही करत नाही, पण उकळताना, तळताना वाफेबरोबर प्रोटीनचे कण हवेत येतात आणि त्याने शिंका, डोळे, दमा होऊ शकतो. आमच्याकडे सुंगटं सासूबाई त्यांच्या घरी करतात, खिडक्या उघड्या ठेवून, आणि नवरा तेव्हा तिथे जात नाही.

२०. सुंगटांची ॲलर्जी म्हणजे आयोडीनची, म्हणून सिटीस्कॅनचं इंजेक्शन चालत नाही?

चुकीचा समज. ॲलर्जी प्रोटीनची असते, आयोडीनची नाही. ॲलर्जी आहे हे सांगा जरूर, पण त्यापायी लागणारा स्कॅन रद्द करू नका.

२१. मुलाला पोई खाऊन कधी काही होत नाही, पण खाऊन लगेच फुटबॉल खेळला की अंगावर उठतं, एकदा तर मैदानावरच पडला.

हे खरं आहे, मुलगा नाटक करत नाही. गव्हातल्या एका प्रोटीनमुळे होतं, गहू एकटा चालतो, खेळ एकटा चालतो, दोन्ही जवळ आले की ॲनाफिलॅक्सिस. सुंगटांनीही असं होतं. खेळाच्या जागी दारू किंवा आयबुप्रोफेन, ॲस्पिरिनसारखी दुखण्याची गोळी असली तरी होऊ शकतं, म्हणून मॅचच्या आधी गोळी मागायला येणाऱ्यांना मी काय खाल्लं ते विचारते. तज्ज्ञांना दाखवेपर्यंत खेळाच्या आधी चारेक तास गहू नको, आणि एकट्याने धावायला जायचं नाही.

२२. पावसात घरच्याच मैद्याच्या पॅनकेकने रिॲक्शन आली, बाहेरची पोई चालते. असं कसं?

दमट हवेत उघड्या पिठात डोळ्यांना न दिसणारे धुळीचे किडे वाढतात, ज्याला धुळीची ॲलर्जी आहे त्याने ते पीठ खाल्लं की तव्यावर भाजूनही रिॲक्शन येऊ शकते. गहू निर्दोष असतो. जूनपासून पीठ, रवा, बेसन थोडं थोडं आणायचं आणि घट्ट डब्यात फ्रिजमध्ये ठेवायचं, उरलेलं जुनं पीठ डॉक्टरांना दाखवायला राखून ठेवलंत तर बरंच.

२३. रात्री मटण खाल्लं, पहाटे तीनला अंग पित्ताने भरलं. इतक्या उशिरा?

प्रश्न १ मध्ये प्रोटीन म्हटलं आणि प्रश्न २ मध्ये दोन तास म्हटलं, त्या दोन्हीला हा अपवाद. मटण, बीफ, पोर्क ह्यांत अल्फा-गॅल नावाची एक साखर असते, काही जातींची गोचीड चावल्यावर शरीर तिच्याविरुद्ध आयजीई बनवतं, आणि मग मांस खाल्ल्यावर तीन ते सहा तासांनी रिॲक्शन येते. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात हे जास्त ओळखलं गेलंय. कोंबडी आणि मासे चालतात, त्यांच्यात ती साखर नसते. सत्तरी तालुक्यातला माकडताप गोचिडीमुळेच पसरतो पण तो व्हायरस, त्याचा ह्याच्याशी संबंध जोडू नका. असं झालं तर रात्री कधी आणि काय जेवलात, कधी जाग आली, हल्ली रानात गोचीड चावली का, एवढं लिहून न्या, नाहीतर डॉक्टर सकाळी फक्त झोपण्याआधी घेतलेल्या गोळीबद्दलच विचारतील.